पंचनाम्यात न बसणारा धंदा

साशंक : वादळात घर पडलं, बाग झोपली, होडी फुटली, तर सरकारने मदत करावी याबद्दल माझ्या मनात किंतु नाही. पण किनाऱ्यावर चार खोल्या बांधून त्या पर्यटकांना भाड्याने देणारा माणूस व्यावसायिक आहे. नाताळात आणि मे महिन्यात तो दर वाढवतो, तेव्हा त्या नफ्याचा हिशेब गावाला देत नाही. मग तोटा झाला की तो सगळ्यांनी वाटून का घ्यायचा? समुद्राकाठची जागा त्याने समुद्रासाठीच निवडली. त्या जागेचा फायदा त्याचा असेल, तर धोकाही त्याचाच असायला हवा. शिवाय आपत्तीचा पैसा एकाच पेटीतून येतो. २२ जुलै २०२१ला महाड तालुक्यात तळियेवर डोंगर कोसळला आणि ऐंशीहून अधिक माणसं गेली. त्याच दिवशी चिपळूणच्या बाजारपेठेत पाणी शिरलं होतं. अशा वेळी लॉजच्या गाद्या भिजल्या म्हणून कुणी रांगेत उभं राहिलं, तर मी त्याला रांगेच्या शेवटी उभा करीन.

आग्रही : तुमच्या डोळ्यांसमोर लॉजवाला आहे आणि माझ्या डोळ्यांसमोर दिवेआगर-श्रीवर्धनची वाडी. तिथल्या घराची रचना बघा. पुढे घर, मागे नारळ-सुपारीची वाडी, आणि वाडीत किंवा घरालाच जोडून दोन-तीन खोल्या. सकाळी पोहे, दुपारी माशाचं ताट आणि सोलकढी, पाहुणे असतील तर उकडीचे मोदक. हे सगळं घरातल्या बायकाच करतात. मुंबई-पुण्याचा माणूस तिथे खोलीसाठी येत नाही, त्या वाडीच्या सावलीसाठी येतो. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलं, वाऱ्याचा वेग ताशी शंभर किलोमीटरच्या वर गेला आणि अलिबागपासून दापोलीपर्यंतच्या पट्ट्यातल्या वाड्या आडव्या झाल्या. सुपारीचं रोप लावलं की फळ हाती यायला सहा-सात वर्षं जातात. म्हणजे त्या दिवशी एका घराची सुपारीही गेली आणि पाहुणाही गेला. वर तो मे महिना टाळेबंदीत गेला होता, त्यामुळे वर्षाची मुख्य कमाई आधीच बुडाली होती.

आता मदत कशी मोजली गेली ते सांगते. फळबागेसाठी हेक्टरी १८ हजारांचा निकष होता, राज्य सरकारने तो ५० हजारांवर नेला. आकडा मोठा दिसतो. पण कोकणातल्या वाड्या गुंठ्यांत मोजतात. हेक्टरी ५० हजार म्हणजे गुंठ्याला साधारण ५०० रुपये. दहा गुंठ्यांची वाडी भुईसपाट झालेल्या माणसाच्या हातात पाच हजार पडतात, आणि पडलेली झाडं तोडून बाहेर काढायलाच त्याहून जास्त खर्च येतो. ओरड झाल्यावर पुढे नारळ-सुपारीसाठी झाडागणिक मदतीचा निर्णय घ्यावा लागला. आणि खोल्यांचं काय? आपत्ती निधीच्या निकषांत शेती आहे, जनावरं आहेत, मच्छीमाराची होडी आणि जाळी आहेत, विणकराची आणि कारागिराची अवजारंसुद्धा आहेत. पाहुण्यांची खोली नाही. तलाठ्याच्या पंचनाम्यात तिला रकानाच नाही. एक तर ती राहतं घर ठरते, नाहीतर काहीच ठरत नाही.

साशंक : मग उपाय तुम्हीच सांगितलात. झाडाची मदत वाढवा, घराची वाढवा. त्या कुटुंबाला बागायतदार म्हणून मदत मिळू दे. ‘पर्यटन’ असा वेगळा रकाना उघडला की त्यातून आत कोण येईल याची मला भीती वाटते. आतापर्यंत पर्यटनाच्या नावाने काय दिलं गेलं ते पाहा. राज्याने या क्षेत्राला उद्योगाचा दर्जा दिला. १ एप्रिल २०२१पासून वीज, पाणी, मालमत्ता कर औद्योगिक दराने. पण कुणाला, तर नोंदणी करून अटी पूर्ण करणाऱ्यांना. केंद्राने जून २०२१मध्ये कर्जहमी योजना आणली. गाइडला एक लाखापर्यंत, पर्यटन कंपनीला दहा लाखांपर्यंत, तेही मान्यताप्राप्त असाल तर. अख्ख्या देशात तिचे अपेक्षित लाभार्थी अकरा हजारांच्या आसपास होते. वेळासची किंवा हरिहरेश्वरची खोली त्यात कुठे बसते? ज्याच्याकडे हिशेबनीस आहे त्याचाच अर्ज वेळेत पोहोचतो. तुमची वाडीवाली बाई दाखवून योजना मंजूर होईल आणि पैसा तुम्ही बाजूला ठेवलेल्या त्याच लॉजवाल्याकडे जाईल.

आणि ही योजना होती कर्जाची. ज्याचं गिऱ्हाईक तुटलंय त्याला कर्ज देणं म्हणजे त्याच्या अडचणीची तारीख पुढे ढकलणं.

आग्रही : कर्जाबद्दल मी तुमच्या बाजूने आहे. २००५च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्यात एक कलम होतं, तेरावं. आपत्ती गंभीर असेल तर आपद्‌ग्रस्तांच्या कर्जफेडीत सवलत द्यावी किंवा सोप्या अटींवर नवं कर्ज द्यावं, अशी शिफारस राष्ट्रीय प्राधिकरण करू शकत होतं. ३० जुलै २०२४ला वायनाडमध्ये दरडी कोसळल्या, तिथल्या लोकांच्या कर्जमाफीचा प्रश्न केरळच्या उच्च न्यायालयात गेला. ते प्रकरण चालू असतानाच २०२५च्या दुरुस्तीने ते कलम कायद्यातून काढून टाकलं गेलं. म्हणजे जो थोडाफार आधार कागदावर होता तोही उरला नाही. म्हणून मी आपत्तीनंतरच्या कर्जावर भर देत नाही. माझा भर आधीच्या खर्चावर आहे.

पंधराव्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६साठी राज्यांच्या आपत्ती निधीची वाटणी ठरवून दिली. शंभरातले चाळीस तातडीच्या मदतीला, तीस पुनर्बांधणीला, दहा तयारीला आणि वीस धोका कमी करण्याला. पुनर्बांधणीचा असा वेगळा हिस्सा पहिल्यांदा ठरला. तेव्हा पैशाचा रकाना आहे. प्रश्न असा की त्या तीस रुपयांतले किती किनाऱ्यावरच्या खेड्यांच्या उपजीविकेवर खर्च करायचे, याचा विचार कुणी केलाय? छपराचे वासे भिंतीला बांधून घेणं, पत्र्याला वादळाचे हूक लावणं, विजेशिवाय दोन दिवस चालेल एवढं पाणी साठवणं, पाहुण्यांची नावं आणि फोन एका जागी लिहिलेले असणं, त्यांना कोणत्या शाळेत हलवायचं ते आधी ठरलेलं असणं. अलिबागला चक्रीवादळ धोका निवारण प्रकल्पातून विजेच्या तारा जमिनीखाली टाकण्याचं काम घेतलं गेलं. हे पर्यटनासाठी घेतलेलं नव्हतं, पण त्याचा सर्वांत मोठा फायदा पर्यटनालाच होणार.

साशंक : इथेच मला तुमच्या विरोधातलं सगळ्यात मोठं कारण सापडतं. निसर्गनंतर कित्येक गावांत वीज यायला आठवडे लागले, काही ठिकाणी महिन्याच्या वर गेले. पंप चालेना म्हणून पाणी नाही. मोबाइलला रेंज नाही. छपरासाठी पत्रे मिळेनात. त्या काळात कुणी वाडीवाल्याच्या हातात लाख रुपये दिले असते तरी त्याच्या खोलीत पाहुणा आला नसता. वीज, पाणी, रस्ता लवकर उभा राहिला की खोली आपोआप उभी राहते. मग पर्यटन व्यावसायिकाला वेगळी मदत हवी कशाला? जे सगळ्या गावाचं आहे ते आधी आणि नीट करा. गावासाठी केलेल्या कामात लाभार्थी निवडावा लागत नाही, आणि जिथे निवड नाही तिथे वशिला चालत नाही.

तयारीला पैसे देण्याबद्दल दुसरी अडचण. किनाऱ्यावरची किती बांधकामं नियमांत बसतात? भरतीरेषेपासूनचं अंतर कुणी पाळलंय? अशा खोलीला सरकारी पैशाने हूक लावून दिला, की ती खोली तिथे असणं सरकारनेच मान्य केलं. उद्या ती पाडायची वेळ आली तर मालक तुम्ही दिलेल्या अनुदानाची पावती दाखवेल. तुम्ही तयारी म्हणता, त्यातून चुकीच्या जागी बांधलेलं घट्ट होईल.

आग्रही : ही हरकत खरी आहे आणि ती मी टाळणार नाही. म्हणूनच मदत कुणाला हे आधी ठरवावं लागेल. मंडणगड तालुक्यातलं वेळास घ्या. २००६पासून तिथे कासव महोत्सव होतो. समुद्री कासवाची पिल्लं पाण्याकडे जाताना बघायला माणसं येतात आणि गावातल्या घरांत राहतात, त्या घरांतलंच जेवतात. किनाऱ्यावर नवं काही बांधावं लागलेलं नाही. किनारा नियमन क्षेत्राच्या २०१९च्या अधिसूचनेतही स्थानिकांच्या असलेल्या घरांत, त्यांचा पाया आणि दर्शनी रूप न बदलता, पाहुणे ठेवायला जागा आहे. मदतीची ओळ तिथेच ओढा. ज्या घरात मालक स्वतः राहतो, जे घर आधीपासून आहे, तिथे मदत. वाळूवर स्लॅब टाकून नंतर परवानगी मागणाऱ्याला एक रुपया नाही. गोव्यात किनाऱ्यावरचे शॅक मे महिन्याच्या अखेरीस उतरवावे लागतात, पाऊस सरला की पुन्हा उभे राहतात. परवान्यातच ती अट आहे. पावसाळ्याशी सामना करण्याची तयारी त्या धंद्याच्या नियमातच आहे, तिला वेगळं अनुदान लागत नाही. आपल्याकडे परवाना देताना असं काही मागितलं जात नाही आणि नुकसान झाल्यावर मात्र सगळं मोजायला बसतात.

आणि गावाची वीज आली की धंदा आपोआप उभा राहतो, हे मला पूर्ण पटत नाही. चिपळूणला पूर आला की बातमीत ‘कोकणात पूर’ असं येतं. गुहागरच्या किनाऱ्यावर ऊन पडलेलं असतं, तरी तिथलं बुकिंग रद्द होतं. नुकसान न झालेल्या गावाचंही गिऱ्हाईक जातं, आणि तिथे पंचनामा करायलाही कुणी येत नाही, कारण पडलेलं काहीच नसतं. २०१६च्या एप्रिलमध्ये जपानात कुमामोटोला मोठे भूकंप झाले. तिथल्या सरकारने त्याच वर्षी संपूर्ण क्युशू बेटावरच्या मुक्कामावर प्रवाशांना सवलत दिली, म्हणजे भूकंप न झालेल्या भागातही. अफवेने आणि भीतीने झालेलं नुकसान हे नुकसानच आहे, असं त्यांनी मानलं.

साशंक : सवलत प्रवाशाला दिली की ती जाते बुकिंगच्या संकेतस्थळांवर. वेळासची खोली फोनवर बुक होते. त्या मार्गाने मोठ्याकडेच पैसा जाणार. पण तुमचा मुद्दा वेगळा आहे, तो मला कळतोय. काहीच पडलेलं नाही आणि तरीही उत्पन्न गेलं, हे मोजायचं कसं?

आग्रही : तेच विचारायचं आहे मला. याहून कठीण उदाहरण देते. ३० जून २०२४ला लोणावळ्यात भुशी धरणामागच्या धबधब्यात एका कुटुंबातली माणसं वाहून गेली. १५ जून २०२५ला इंदोरीजवळ कुंडमळ्याला इंद्रायणीवरचा जुना पूल पर्यटकांसकट कोसळला. अशा घटनांनंतर जिल्हाधिकारी धबधबे, धरणं, किल्ले बंद करतात. लाल इशारा आला की किनाराही बंद. हे आदेश योग्यच आहेत. पण ते पाळणाऱ्याचं काय होतं? ज्याने वादळाच्या दोन दिवस आधी पाहुण्यांना घरी पाठवलं, घेतलेली आगाऊ रक्कम परत केली, होडी वर ओढून ठेवली, त्याचं काहीच पडलं नाही. त्यामुळे त्याच्या नावापुढे शून्य. आणि ज्याने मागच्या दाराने पाहुणे ठेवले त्याची कमाई झाली. वर त्याचं छप्पर उडालं तर भरपाईसुद्धा. आपली मदतीची सगळी व्यवस्था पडलेल्या वस्तू मोजते. वेळेवर घेतलेली काळजी ती मोजत नाही, उलट काळजी घेणाऱ्याला एकट्याला खर्चात टाकते. माणसाला मरणापासून वाचवण्याचं काम शहाण्या मालकाने स्वतःच्या खिशातून करायचं आणि बेपर्वा मालकाला सरकारने सांभाळायचं, हे मला अन्यायाचं वाटतं.

साशंक : हे मी आधी असं पाहिलं नव्हतं. पण उपाय काय? आदेश निघाला की भरपाई?

आग्रही : भरपाई नको, विमा हवा. कोकणातल्या आंबा-काजू बागायतदाराला हवामानावर आधारित फळपीक विमा माहीत आहे. अवेळी पाऊस झाला, तापमान ठरावीक रेषेच्या वर किंवा खाली गेलं, वारा जास्त झाला की रक्कम मिळते. झाड किती पडलं हे मोजायला कुणी येत नाही. तसाच विमा घरगुती पर्यटनाला द्या. हप्त्यातला वाटा मालकाचा, बाकीचा सरकारचा. चक्रीवादळाचा लाल इशारा इतके दिवस राहिला, तर इतकी रक्कम. गुजरातमधल्या ‘सेवा’ संघटनेने असंघटित कामगार बायकांसाठी उष्णतेचा असा विमा चालवला आहे. पारा ठरावीक रेषेवर गेला की खात्यात पैसे, मजुरी बुडाल्याचा पुरावा मागितला जात नाही.

साशंक : आंबा बागायतदाराला विचारा त्या विम्याबद्दल. राज्याच्या महावेध प्रकल्पाचं हवामान केंद्र एका महसूल मंडळात एक, तेही कुठल्या तरी सपाटीवर. बाग दरीत, केंद्र रस्त्यालगत. बागेत मोहोर जळतो आणि केंद्रावर तापमान मर्यादेत दिसतं. दर वर्षी त्यावरून भांडणं होतात. तुमच्या विम्यातही तेच होईल. वादळ कर्जतवर जाईल आणि पैसे काशिदला मिळतील.

पण याहून मोठी भीती मला दुसरी आहे, आणि हीच खरी अडचण आहे असं आता वाटायला लागलंय. आज किनारा बंद करायचा तर जिल्हाधिकाऱ्यावर हॉटेलवाल्यांचा दबाव येतो, ‘नका बंद करू’ म्हणून. उद्या बंदच्या प्रत्येक दिवसाला पैसे लागू झाले, तर दबाव फिरेल. पैसे सरकारकडून जाणार असतील तर वरून सांगितलं जाईल, ‘इतक्यात आदेश काढू नका.’ आणि विमा कंपनीकडून जाणार असतील तर खालून म्हणतील, ‘लवकर काढा, आणखी दोन दिवस ठेवा.’ माणसं वाचवण्याचा निर्णय पैशाच्या हिशेबाला बांधला गेला, की तो निर्णय कुणाच्याही बाजूने वाकू शकतो. आदेश काढणारा माणूस मोकळा असला पाहिजे. तुम्ही त्यालाच बांधता आहात.

आग्रही : म्हणूनच पैसे आदेशाला न बांधता हवामान खात्याच्या इशाऱ्याला बांधावेत. इशारा देणाऱ्या शास्त्रज्ञाला गावातला मालक भेटत नाही, अर्थखात्याचा सचिवही भेटत नाही.

साशंक : आज भेटत नाही. त्याच्या एका रंगावर कोट्यवधी रुपये ठरायला लागले की भेटायला लागेल. आणि इशारे चुकतातही. लाल रंग दाखवला आणि पाऊस पडलाच नाही, असं दोनदा झालं की विम्याचा हप्ता वाढेल आणि लोक म्हणतील खातं खोटं बोलतं. इशाऱ्यावरचा विश्वास हा पैशाहून महाग आहे. तो गेला तर तिसऱ्या वेळी कुणी हलणार नाही.

आग्रही : पण आज जो विश्वास आहे तो फुकट आहे का? त्याची किंमत पाळणारा मालक एकटा भरतोय. ती त्याच्यावरच ठेवायची, एवढाच पर्याय तुम्ही देता आहात. आदेश वाकेल ही भीती मला मान्य आहे, तिच्यावर माझ्याकडे पूर्ण उत्तर नाही. तरीही आदेश पाळणाऱ्याला शून्य देणं हे त्याहून वाईट आहे, असं मी म्हणते.

साशंक : आणि तुम्ही अजून एकदाही ज्यांचं नाव घेतलं नाही, त्यांचं काय? खोल्या झाडणारी बाई, भाकरी भाजणारी, हर्णै बंदरावरून पाहुण्यांना फिरवणारा होडीवाला, स्टँडवरून गावात आणणारा रिक्षावाला, माथेरानचा घोडेवाला. मालकाला विमा मिळेल, तो बंदचे दिवस काढेल. या माणसांचा रोज त्या दिवशीच बुडतो. तुमच्या वाडीच्या चित्रात घरातल्या बायका काम करतात, पण खोल्या सहाच्या वर गेल्या की काम करणारी बाई बाहेरची असते, बहुधा शेजारच्या वाडीवरची, जमीन नसलेली. तिची झाडं पडलेली नाहीत, घर पडलेलं नाही, खोलीही तिची नाही. तुमच्या व्यवस्थेतही ती शून्यच. सरकारचा पहिला रुपया तिच्या खात्यात जाणार नसेल, तर माझा या सगळ्याला विरोध आहे.

आग्रही : ही अट मला मान्य आहे, आणि मी ती आधीच घालायला हवी होती. महाराष्ट्राने १९७२च्या दुष्काळात भीक न देता काम दिलं, त्यातूनच रोजगार हमी उभी राहिली. वादळानंतरच्या पहिल्या महिन्यात वाड्या साफ करणं, झाडं उचलणं, विहिरी उपसणं, पायवाटा मोकळ्या करणं, हे काम याच माणसांना रोजंदारीवर द्यावं, आणि ते गावाने ठरवावं. विमा आला तर त्यातला ठरावीक हिस्सा थेट कामगारांच्या खात्यात जावा, मालकाच्या हातून नको.

साशंक : तेव्हा यादी लागेल. कोण कुणाकडे काम करतं, कोणत्या घरात पाहुणे राहतात, कुठलं बांधकाम नियमात आहे आणि कुठलं नाही. आज अशी यादी कुणाकडे नाही. बरेच मालक नोंदणीच करत नाहीत, कारण नोंदणी म्हणजे कर आणि तपासणी एवढंच त्यांना दिसतं. आणि वादळानंतर केलेली यादी कशी असते ते आपण दोघांनीही पाहिलंय. नावं कशी वाढतात, कुणाची कशी गळतात.

आग्रही : म्हणून यादी वादळाआधीच करायची. नोंदणी करणाऱ्याला विम्याचा सरकारी वाटा, न करणाऱ्याला काही नाही, एवढं साधं ठेवा. कामगारांची नावं त्याच अर्जात मालकाने लिहायची आणि खरी-खोटी गावाने बघायची.

साशंक : आदेश वाकण्याचा माझा प्रश्न तसाच उभा आहे, तो मी मागे घेत नाही. पण यादीबद्दल आपलं एकमत झालं, तर सुरुवात तिथूनच होऊ दे. अरबी समुद्रातली पावसाळ्याआधीची वादळं मे-जूनमध्ये येतात. महाराष्ट्रातल्या प्रत्येक गावात १ मे रोजी ग्रामसभा असते. किनाऱ्यावरच्या ग्रामपंचायतींनी येत्या १ मेच्या सभेत ही यादी मोठ्याने वाचून दाखवावी, खोल्यांच्या मालकांची आणि त्यांच्याकडे राबणाऱ्यांचीही, आणि ज्याचं नाव गळलं असेल त्याने तिथेच उभं राहून ते सांगावं.